केबल बंद पडते तेव्हा लोक काय मागतात

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोन वेळा वाचला. मी नेमके कशाला उत्तर देतो आहे ते स्पष्ट राहावे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही ठाण्याला नोकरी करता आणि आई-वडील गुहागर तालुक्यातल्या घरी दोघेच असतात. निवृत्त शिक्षक असलेले वडील सकाळपासून वृत्तवाहिन्या लावून बसतात, संध्याकाळी सात ते साडेदहा आईच्या मालिका चालतात, आणि गेल्या जुलैत पडद्यावर ‘रेड अलर्ट’ची लाल पट्टी फिरू लागल्यावर वडिलांनी घाबरून एका रात्रीत तुम्हाला चार फोन केले. गुहागरला त्या रात्री नेहमीसारखाच पाऊस होता आणि पडद्यावरची दृश्ये जुनी होती, हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. लोकांची अभिरुची रसातळाला गेली आहे, वाहिन्या तिच्यावरच जगतात, आणि म्हणून घरची केबल बंद केलेली बरी, असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे.

मी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी १९९४ पासून केबलचा व्यवसाय करतो. मधली दहा वर्षे एका वृत्तवाहिनीसाठी स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणारा बिनपगारी बातमीदार, म्हणून काम केले, आणि आमची छोटी स्थानिक वाहिनी आजही चालू आहे. माझे पोट या व्यवसायावर आहे, हे ध्यानात घेऊनच माझे म्हणणे वाचावे. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. लोकांना काय आवडते हा एक, आणि तुमच्या वडिलांना त्या रात्री झोप का लागली नाही हा दुसरा. दोन्हींचे उत्तर एकच आहे असे समजून केबल तोडली, तर पहिला प्रश्न सुटणार नाही आणि दुसरा बहुधा वाढेल.

‘लोकांना हेच आवडते’ हे वाक्य वाहिन्यांच्या कार्यालयांत मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याच्यामागे नेमके काय असते ते आधी सांगतो. त्याच्यामागे टीआरपी, म्हणजे कोणती वाहिनी किती पाहिली जाते याचा आकडा असतो. बार्क ही संस्था निवडक घरांत मीटर बसवते. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो, आणि टीव्हीसमोर बसताना घरातल्या प्रत्येकाने आपापल्या नावाचे बटण दाबायचे असते. २०२० च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरे सुमारे २१ कोटी होती आणि मीटर सुमारे ४४ हजार. म्हणजे एका मीटरवर पावणेपाच हजार घरांची आवड ठरत होती. नमुना योग्य निवडला तर एवढ्यावरून देशाचा अंदाज निघू शकतो, ते शास्त्र मी नाकारत नाही. परंतु ग्रामीण भागाचे आकडे येऊ लागले तेच मुळी ऑक्टोबर २०१५ पासून. त्याआधी कोकणातल्या वाडीत बसून कोणी काय पाहिले याची नोंद या हिशेबात जवळजवळ नव्हतीच, आणि तरीही ‘कोकणातल्या प्रेक्षकाला असेच लागते’ हे मला त्या काळातही ठामपणे सांगितले जात असे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मीटरला माणूस बसला आहे एवढेच कळते. तो रंगून बसला आहे, कंटाळून बसला आहे, की रिमोट पलंगाच्या दुसऱ्या टोकाला आहे म्हणून बसला आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. आणि एक गोष्ट मी स्वतः पाहिली, जिचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या लावून ठेवायला सांगितल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी केला, त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. जवळजवळ दीड वर्ष वृत्तवाहिन्यांपुढे तो आकडाच नव्हता. लोकांच्या आवडीमुळेच आम्हाला ओरडावे लागते, हे म्हणणे खरे असते, तर त्या दीड वर्षात एखादी तरी वाहिनी शांत झालेली दिसायला हवी होती. मी माझ्या कार्यालयातल्या चार पडद्यांवर रोज त्या पाहत होतो. आवाज तोच राहिला, चौकटीत चार माणसे बसवून भांडण लावणे तसेच राहिले, तेच दृश्य पुन्हा पुन्हा फिरवणेही तसेच. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की त्या ओरडण्याला प्रेक्षकाच्या आवडीपेक्षा वाहिनीची सवय आणि काटकसर जास्त कारणीभूत आहे. चार माणसांना स्टुडिओत बसवणे हे एका बातमीदाराला चार दिवस राजापुरात ठेवण्यापेक्षा फार स्वस्त पडते.

मग लोकांना काय आवडते हे कसे कळावे? माझ्याकडे त्यासाठी एक जुने साधन आहे. ते शास्त्रीय नाही, पण तीस वर्षांचे आहे. आमच्या कार्यालयात लाल कापडी बांधणीच्या लांबट तक्रारवह्या आहेत. तारीख, वेळ, वाडी, नाव आणि शेवटच्या रकान्यात ‘काय दिसत नाही’. मे महिन्याच्या अखेरीस विजा सुरू झाल्या की केबलमधला संकेत वाढवणारा कुठला ना कुठला अँप्लिफायर जळतो, एखादी वाडी अंधारात जाते आणि फोन सुरू होतात. सुरुवातीला मी फक्त दुरुस्तीसाठी ही नोंद ठेवत असे. पुढे माझ्या ध्यानात आले, की वस्तू चालू असताना तिच्याविषयी लोक जे बोलतात त्यापेक्षा ती बंद पडल्यावर ते जे मागतात त्यात आवड अधिक स्वच्छ दिसते.

वृत्तवाहिन्या गेल्या, तर क्वचितच कोणी वाहिनीचे नाव घेतो. ‘टीव्ही बंद आहे’ एवढेच लिहिलेले सापडते. रात्री आठच्या सुमारास केबल गेली, तर मालिकेचे नाव येते, आणि बहुधा ‘आज तिला सगळे कळणार आहे, लवकर बघा’ अशी घाईही सोबत येते. परंतु आमच्या स्थानिक वाहिनीवर जत्रेतल्या दशावतारी नाटकाचे चित्रीकरण लावले असताना जे फोन येतात, ते निराळ्याच जातीचे असतात. पखवाजाचा आवाज मागे गेला आहे, हार्मोनियम वर आली आहे. राजपार्टच्या, म्हणजे राजाचे काम करणाऱ्याच्या, तोंडचे पद तुम्ही मध्येच कापले. स्त्रीपार्ट करणाऱ्याचा चेहरा जवळून दाखवू नका, सगळा रंगमंच दिसू द्या, म्हणजे त्याचे चालणे दिसते. हे फोन करणारे लोक तेच असतात. आठ वाजता मालिकेसाठी घाई करणारी बाई अकरा वाजता पखवाजाविषयी बोलते.

मला यावरून जे म्हणायचे आहे ते एवढेच, की अभिरुची ही माणसाच्या अंगात भरलेली एक ठरावीक वस्तू नसते. ज्या ठिकाणी त्याला निवड करण्याची सवय आहे, तुलना करायला दुसरे काही पाहिलेले आहे, आणि आपल्या पसंती-नापसंतीचा समोर परिणाम होताना दिसतो, त्या ठिकाणी ती तीक्ष्ण होते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते आणि प्रवेश कोणत्या क्रमाने, हे नाटक उभे राहण्याआधी ठरते, आणि संवाद नट रंगमंचावर उभे राहून रचतात. मध्यरात्र उलटल्यावर समोरच्या खळ्यातले लोक डुलकी घेऊ लागले, तर नटाला ते दिसते आणि तो प्रवेश आवरता घेतो. टाळी पडली, तर तोच वाद आणखी पाव तास लांबवतो. कथा महाभारतातली, सगळ्यांना पाठ, म्हणून सारे लक्ष ती कशी सांगितली जाते याकडे. अशा प्रेक्षकाला मी अभिरुचीहीन म्हणू शकत नाही. अलीकडे ‘ट्रिकसीन’च्या, म्हणजे धूर आणि चमत्कृती दाखवणाऱ्या, नाटकांना गर्दी होते आणि जुने जाणकार त्याबद्दल हळहळतात, हेही खरे आहे. माझीही थोडी हळहळ आहे. पण ट्रिकसीन पाहून परतताना ‘धूर बरा होता, नाटक पडले’ असे म्हणणारी माणसेही मी त्याच गर्दीत ऐकली आहेत.

टीव्हीपुढे हा प्रेक्षक निवड करतो का, हे एकदाच पाहायला मिळाले. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेची नवी दरव्यवस्था लागू झाली. १३० रुपये अधिक कर एवढ्यात शंभर मोफत वाहिन्या आणि त्यावर पैसे भरायच्या वाहिन्या ग्राहकाने स्वतः निवडायच्या, असे ठरले. आम्ही छापील अर्ज घेऊन घरोघर फिरलो. संध्याकाळी पडवीत सगळे घर जमायचे, सून चष्मा लावून वाहिन्यांची नावे आणि किमती मोठ्याने वाचायची, आणि मी पेन घेऊन थांबायचो. कित्येक घरांत पहिली दहा मिनिटे कोणी काही बोलतच नसे. इतकी वर्षे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मग आजी हळूच एका भक्तिगीतांच्या वाहिनीचे नाव घ्यायची, मुलगा क्रिकेटचे, आणि घरचा कर्ता माणूस शेवटी म्हणायचा, ‘आत्ता आहे तेच ठेवा, हिशेब नको.’ वाहिन्यांनी स्वस्तात पुडके बांधून दिले आणि बहुतेकांनी पुडके घेतले. त्या वेळी मला वाईट वाटले. आज वाटते, की ज्याला कधी निवडायला सांगितले नाही त्याला एका संध्याकाळी सव्वाशे नावांची यादी वाचून दाखवणे, हा त्याच्यावरच अन्याय होता. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या मोफत किंवा नाममात्र दरात असल्यामुळे त्यांच्याविषयी निवडीचा प्रश्नच कोणी काढला नाही. त्या आपोआप घरात राहिल्या आणि आपोआप दिवसभर चालू राहिल्या.

आता आईच्या मालिकांविषयी. तुम्ही लिहिले आहे, की एकच वाक्य तीन वेळा ऐकवतात, एकाच चेहऱ्यावर तीन वेळा कॅमेरा जातो, आणि आई ते कसे सहन करते हे तुम्हाला कळत नाही. तुम्ही एकदा त्या वेळी आईच्या हातांकडे पाहा. आमच्याकडे सात ते दहा या वेळेत मालिका फारशी पाहिली जात नाही, ती ऐकली जाते. बांगडे साफ करताना, नारळ खवताना, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडताना स्वयंपाकघरातून कान बाहेर असतो आणि संगीत चढले की मान बाहेर येते. जो प्रेक्षक निम्मा वेळ पाठमोरा आहे, त्याच्यासाठी वाक्य पुन्हा सांगावे लागते. आठवड्याला सहा भाग, प्रत्येक भागात सुमारे बावीस मिनिटांचा मजकूर, आणि चित्रीकरण प्रसारणाच्या जेमतेम काही दिवस पुढे, अशा गतीने काम करणाऱ्या लेखकाला ही पुनरुक्ती सोयीचीही पडते, हे उघड आहे. ती सोय मला पसंत नाही. सून-सासूच्या कटांवर वर्षे काढणाऱ्या कथांविषयी तर माझा राग आहे, आणि त्या पाहून घरातल्या खऱ्या सुनेकडे संशयाने पाहिले गेल्याची उदाहरणे माझ्या ओळखीत आहेत. पण पुनरुक्ती चालवून घेणे म्हणजे आवड खालावणे नव्हे. ते काम करत ऐकण्याचे व्याकरण आहे, आणि जात्यावरच्या ओवीतही ओळ फिरून येतच असे.

पूर्वी अभिरुची चांगली होती, हेही मला अर्धेच खरे वाटते. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामायण सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी आमच्या वाडीतल्या एकुलत्या एक टीव्हीपुढे चाळीस माणसे बसत. मी त्यांतला एक होतो. ते एकत्र बसणे फार सुंदर होते. पण त्या वेळी दुसरे बटण दाबायची सोयच नव्हती, त्यामुळे त्या गर्दीवरून आवडीविषयी फार मोठे अनुमान काढता येणार नाही.

कोकणाचे चित्रण हा तुमच्या प्रश्नातला भाग नव्हता, पण ओझरता उल्लेख होता म्हणून थोडे लिहितो. २०१६ साली सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली भुताटकीची मालिका आली, तेव्हा कोकणाची बदनामी होते आहे म्हणून आमच्या जिल्ह्यात तक्रारी झाल्या, आणि पहिले काही आठवडे मीही तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने होतो. नंतर माझे मत बदलले. मालवणी बोली विदर्भातल्या घरात पोचली, इथल्या नटांना काम मिळाले, आणि मालिकेतले घर पाहायला लोक लांबून आले. पुढे मात्र कोकणातला माणूस म्हणजे भूत, गारुडी किंवा विनोदी गडी एवढेच समीकरण अनेकांच्या डोक्यात बसले, ते मला खटकते. बागायतदार, खलाशी, मच्छी विकणारी बाई, ग्रामपंचायतीची सरपंच, यांच्या घरात काय चालते हे दाखवायला अजून जागा आहे.

आता बातम्या, म्हणजे तुमच्या वडिलांचा खरा प्रश्न. मी स्ट्रिंगर असताना मला पाठवलेल्या बातमीमागे पैसे मिळत, आणि तेही ती लागली तरच. एका वर्षी आंब्याच्या फळपीक विम्यावर मी तीन आठवडे काम केले. हा विमा हवामानावर चालतो. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर तापमान किंवा पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर भरपाई मिळते. आमच्याकडे केंद्र होते एका उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आणि बागा होत्या खाली खाडीच्या उतारावर. मोहोर बागेत जळला आणि केंद्राच्या नोंदीत काही दिसलेच नाही. मी माणसांशी बोललो, कागद जमवले, त्या केंद्राचे चित्रण केले. वाहिनीच्या डेस्कवरून विचारणा झाली, ‘यात व्हिज्युअल काय आहे?’ खांबावरचे एक पांढरे यंत्र आणि गळून पडलेला मोहोर, एवढेच व्हिज्युअल माझ्याजवळ होते. बातमी लागली नाही.

त्याच महिन्यात शेजारच्या गावात बिबट्या विहिरीत पडला. कठडा नसलेली विहीर, पाणी पुरुषभर. गावकऱ्यांनी आधी दोरांनी एक खाट खाली सोडली, त्यावर तो चढून बसला, अंग झटकले आणि वर पाहू लागला. वन विभागाची माणसे पिंजरा घेऊन आली, तो तिरका करून खाली सोडला, आणि वरच्या दीडशे माणसांपैकी कोणी श्वासही मोठ्याने घेत नव्हते. तो पिंजऱ्यात शिरला तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते चित्रण दिवसभर फिरले, मला पैसे मिळाले, आणि ते पाहणाऱ्यांना मी अजिबात दोष देत नाही, कारण तो प्रसंग होताच तसा. माझी तक्रार वेगळी आहे. चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीला दर तासाला काहीतरी बदलेल अशी घटना लागते, आणि कोकणाची मोठी दुखणी तासातासाला बदलत नाहीत. मुंबई-गोवा महामार्गाचे काम २०११ पासून चालू आहे. त्याची बातमी गणपतीला चाकरमानी खड्ड्यांत अडकले की होते, आणि विसर्जनानंतर संपते.

वादळाच्या वेळी हे अधिक उघड होते. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत विजेचे खांब आडवे झाले आणि पुष्कळ गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. म्हणजे ज्यांच्यावर वादळ आले, त्यांच्या घरात टीव्ही बंद होता. दिवसभर चाललेले ते प्रक्षेपण त्यांच्यासाठी नव्हतेच, ते दुरून पाहणाऱ्यांसाठी होते. रेवदंड्याचा एखादा माणूस पाणी कुठे मिळेल हे विचारत असता, तर त्याला उत्तर देण्याची सोय त्यात नव्हती. पुढच्या वर्षी १६ मे ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा आमच्याही तारा जमिनीवर आल्या. पाचव्या दिवशी बंदराकडच्या वाडीतली एक आजी पावसातून कार्यालयात आली. तिचा मुलगा मुंबईला, घरात ती एकटी. मी तिला म्हटले, बातम्या सुरू व्हायला अजून दोन दिवस लागतील. ती म्हणाली, ‘बातम्यो दिसल्यो नाय तरी चलात, पण घरात कोणतरी बोलता असा वाटाक व्हया.’ हे वाक्य मी त्या दिवशीच्या तक्रारवहीत शेवटच्या रकान्यात जसेच्या तसे लिहून ठेवले आहे.

तुमच्या वडिलांविषयी मला म्हणूनच घाईने काही सांगवत नाही. पुष्कळ गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. घरी दिवसभरात कोणी येते-जाते का, वडिलांना कमी ऐकू येते का, ते बातम्या पाहतात की बातम्या चालू ठेवून वर्तमानपत्र वाचतात, हे तुम्हालाच पाहावे लागेल. ज्या घरात मुले शहरात आणि आई-वडील गावी आहेत, त्या घरात वृत्तवाहिनी पुष्कळदा माणसाच्या आवाजाची जागा भरून काढते. तिथे आवाज काढून घेतला आणि बदली काही ठेवले नाही, तर शांतता लाभत नाही, एकटेपण वाढते. त्यांची भीतीही निराधार नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले ते त्यांनी अनुभवले असणार, आणि गुहागरच्या माणसाचा दवाखाना, रेल्वे आणि मुंबईचा रस्ता चिपळूणवरूनच जातो. चिपळूण बुडाले की गुहागर तुटते. तीच दृश्ये जुन्या तारखेशिवाय पुन्हा दाखवणे, हा वाहिनीचा अपराध आहे. वडिलांच्या अभिरुचीचा त्याच्याशी संबंध नाही.

मी माझ्या ग्राहकांना जे सांगतो ते तुम्हालाही सांगतो. वडील शिक्षक आहेत, त्यांना आकडे द्या, ते आनंदाने वापरतील. हवामान विभागाच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. पिवळा रंग लक्ष ठेवा म्हणतो, नारिंगी सज्ज राहा म्हणतो, लाल कृती करा म्हणतो. इशारा जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या आळीसाठी नसतो, आणि त्यावर दिवस लिहिलेला असतो. तो दिवस वाचण्याची सवय लागली की निम्मी घबराट जाते. लाल इशारा खोटा समजून सोडून द्या, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. त्या दिवशी वाहिनीऐवजी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लावावा, आणि चिपळूणमध्ये राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला पाण्याची स्थिती विचारावी. बाजारपेठेतल्या माणसाने दिलेली खबर दिवसभरच्या लाल पट्टीपेक्षा उपयोगी पडते.

दिवसाच्या बातम्यांना वेळ बांधून द्या, पण ती वेळ त्यांच्याशी बोलून ठरवा. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या ऐकणारी त्यांची पिढी आहे; दहा मिनिटांत जगाची खबर घेऊन शाळेला जाण्याची सवय त्यांना होती आणि ती परत आणता येते. संध्याकाळी सह्याद्री वाहिनीचे बातमीपत्र लावावे. त्यात ओरडणे नाही, आणि दोन बातम्यांमध्ये श्वास घ्यायला जागा असते. मधल्या रिकाम्या वेळात आवाज हवा असेल तर रेडिओ आहे, भजने आहेत, जत्रेतली चित्रीकरणे आहेत. आमच्या एका ग्राहकाच्या घरी हाच बदल केला. पहिले आठ दिवस त्यांचे वडील चिडचिडे झाले, पुढे त्यांनी स्वतःच दुपारचा टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक घरी असेच होईल, असे मी सांगू शकत नाही.

आईच्या बाबतीत मी काहीच बदलू नये असे सुचवेन. फक्त एक करा. यंदा गणपतीला घरी जाल तेव्हा दोन संध्याकाळी रिमोटला हात न लावता तिच्याजवळ बसा, हातात निवडायला काहीतरी भाजी घ्या, आणि मालिकेत चालले आहे ते तिला सांगायला लावा. कोणते पात्र तिला खोटे वाटते, कोणता प्रसंग उगाच ताणला आहे, हे ती तुम्ही न विचारताही सांगेल. तुम्ही जिला अभिरुची म्हणता ती तिच्याजवळ आहे की नाही, याचे उत्तर माझ्यापेक्षा तिथे लवकर मिळेल.

एवढे करूनही पॅक कमी करायचा निर्णय झालाच, तर महिना संपण्याआधी तुमच्या केबलवाल्याला कळवा, कारण रिचार्ज झाल्यावर बदल पुढच्या महिन्यावर जाऊ शकतो. सह्याद्री नव्या पॅकमध्ये आहे ना, तेही विचारून घ्या. दूरदर्शनच्या वाहिन्या देणे आम्हाला बंधनकारक असते आणि तिच्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. बॉक्स मात्र परत करू नका. पावसाळ्यात मध्येच वडिलांनी पुन्हा सुरू करा म्हटले, तर नवा बॉक्स येईपर्यंत गुहागरसारख्या ठिकाणी आठ-दहा दिवस सहज जातात.